कला-संस्थेच्या ऑफिसात शिरायचं कसं? बडोद्यातल्या पहिल्या पिढीतल्या मुलांसाठी विचारतोय

वाडीची_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या वाडी भागात एक छोटी अभ्यासिका चालते. तिथल्या तिघांसाठी हा प्रश्न आहे. एक मुलगी बी.कॉम. झालीय, टॅली येतं, सध्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघते. एक मुलगा मंडप आणि लाइटच्या कामाला जातो, बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं, आता बाहेरून बी.ए. करतोय. तिसरी व्हीलचेअर वापरते, इथल्या महाराजा सयाजीराव (एम. एस.) विद्यापीठात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी आणि गुजराती दोन्ही झकास लिहिते. तिघांनाही चित्रं, नाटक, गाणं याची ओढ आहे, पण स्वतः कलाकार व्हायचं नाही. संग्रहालय, गॅलरी, नाट्यसंस्था, महोत्सव हे जे लोक चालवतात त्यांच्यात जायचंय. घरात या क्षेत्रातलं कुणी नाही, ओळखपाळख नाही, आणि सहा महिने फुकट काम करण्याची ऐपत तर नाहीच.

विचारायचं ते असं: खरोखर कोणती पदं असतात? म्युझिऑलॉजीची, म्हणजे संग्रहालयशास्त्राची, पदवी लागतेच का? बिनपगारी इंटर्नशिपचं काय करायचं? शिष्यवृत्त्या कोणत्या लागू पडतात? इंग्रजी कच्चं असेल तर?

कृपा करून हुरूप वाढवणारी उत्तरं नकोत, ती इथे फुकट मिळतात. कागद आणि आकडे सांगा.

व्हाउचर_फाइल

बी.कॉम.वाल्या मुलीपासून सुरू करतो, कारण तिघांत तिचा रस्ता सगळ्यात जवळचा आहे आणि नेमकं हेच तिला कुणी सांगणार नाही. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला उभं राहायला संस्थांकडे माणसं भरपूर असतात. अनुदानाचा हिशेब वेळेत आणि नीट लावणारं माणूस मात्र दहा संस्थांत एखाद्या ठिकाणी असतं. बाकीच्यांची फाइल मार्चमध्ये सीएच्या टेबलावर पडते आणि मग सगळ्यांची धावपळ.

तिने आधी संस्था कायद्याने काय असते ते समजून घ्यावं. गुजरातमध्ये बहुतेक कला-संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबरच १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या असतात. मुंबई राज्याचाच तो जुना कायदा, फक्त नाव आता गुजरातचं. त्यावर आयकर सवलतीच्या, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म. ही सगळी कागदपत्रं चालू आहेत का, नावं सगळीकडे अक्षरशः सारखी आहेत का, हे तपासून देणं एवढ्या एका कामावर सुद्धा छोट्या संस्थेत दार उघडतं. एका ठिकाणी ‘मंडळ’, दुसऱ्या ठिकाणी ‘मंडल’, बँकेत ‘ट्रस्ट’ जोडलेलं, अशी नावं असली की मंजूर झालेला पैसा खात्यात येता येता अडकतो.

दुसरं, वापर प्रमाणपत्र. सगळे त्याला यूसीच म्हणतात. केंद्राच्या अनुदानासाठी ते २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात द्यायचं असतं, सोबत सीएचा लेखापरीक्षित खर्चतक्ता. सीएच्या सहीखाली १८ आकडी यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा ओळखक्रमांक, हवा, नुसता शिक्का चालत नाही. अनुदान हप्त्यांनी येतं आणि शेवटचा हप्ता या कागदांवर अडतो. आता कुठे बिघडतं ते:

बिल संस्थेच्या नावाने नसतं, सेक्रेटरीच्या नावाने असतं. बिलाची तारीख मंजुरीपत्राच्या आधीची असते. ध्वनिवाल्याला एका दिवसात २५ हजार रोख दिलेले असतात, आणि आयकरात एका माणसाला एका दिवशी १० हजारांवर रोख दिलं तर तो खर्च धरत नाहीत. प्रस्तावात ‘प्रवास’ या शीर्षकाखाली ४० हजार मागितले होते, खर्च झाले ६५ हजार, आणि शीर्षक बदलायची लेखी परवानगी कुणी घेतलीच नाही. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे कलाकाराच्या मानधनाची पावती, पण तिच्यावर पॅन नाही.

हे सगळं टॅली येणारी मुलगी दोन महिन्यांत शिकते. टॅलीत तिने ‘कॉस्ट सेंटर’ नीट शिकून घ्यावं, म्हणजे एकाच बँक खात्यातून तीन अनुदानांचा खर्च वेगवेगळा काढता येतो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात प्रत्येक गाडीचा हिशेब वेगळा ठेवतातच; तेच कौशल्य आहे.

सीएसआरबद्दल एक गैरसमज बडोद्यात फार पसरलाय. कोयलीपासून मकरपुऱ्यापर्यंत कंपन्या आहेत, २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती, वारसा, पारंपरिक हस्तकला हे विषय स्पष्ट लिहिलेले आहेत, तरी संस्था प्रस्तावात पगार दाखवायला घाबरतात. कारण ऐकीव: ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर चालत नाही.’ ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवायला लागणारा समन्वयक हा प्रकल्पाचाच खर्च, आणि तो तसा लिहावा. ज्या संस्थेला हे कळतं ती माणूस पगारावर ठेवू शकते. ज्या संस्थेला कळत नाही तिथे ‘स्वयंसेवक’ लागतात, आणि मग ज्यांच्या घरी कमावणारं दुसरं कुणी आहे तेच स्वयंसेवक होतात. या क्षेत्रात ठराविक घरांतलीच माणसं का दिसतात याचं निम्मं उत्तर या एका ओळीत आहे, असं माझं मत.

जोडक्रमांक

व्हाउचरभाऊंचं हिशेबाचं पटलं, पण सगळं हिशेबात बसत नाही. संग्रहालयात कायम नोकरी हवी असेल तर पदवी लागते. सरकारी भरतीच्या जाहिरातीत क्युरेटर (संग्रह सांभाळणारा अधिकारी) किंवा तत्सम पदाला पात्रता लिहिलेली असते, तिथे अनुभवाने भरपाई होत नाही. आणि बडोद्यात राहून म्युझिऑलॉजीकडे पाठ फिरवायची हे तर अजबच. एम. एस.च्या फाइन आर्ट्समधला म्युझिऑलॉजी विभाग १९५२चा, देशातला पहिला. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हाकेच्या अंतरावर कमाटी बागेतलं १८९४चं संग्रहालय, राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंह संग्रहालय. बाहेरगावची मुलं खोली भाड्याने घेऊन इथे शिकतात. कोणत्या पदव्या पात्र धरतात ते त्या वर्षीच्या प्रवेशपत्रकात बघायचं. सीनियरने सांगितलं म्हणून नाही.

पदवीच्या आधीही करता येण्याजोगं काम आहे, आणि त्याला रजिस्ट्रारचं काम म्हणतात. वस्तू आत आली कधी, कुणाकडून, कोणत्या अवस्थेत, आता कुठे आहे, बाहेर गेली तर कोणत्या करारावर. वस्तूला क्रमांक देण्याची पद्धत साधी: वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, त्या आवकेतली कितवी वस्तू. २०२५.४.१२ म्हणजे २०२५ साली आलेल्या चौथ्या लॉटमधली बारावी वस्तू. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, वस्तू हरवली तरी. सरकारी संग्रहालयांत ‘जतन’ नावाची, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची संगणकप्रणाली आहे. तिच्यात कोणते रकाने असतात ते माहीत असलं तर मुलाखतीत फरक पडतो.

सरावासाठी खर्च शून्य. घरातली एखादी फ्रेम घ्या आणि तिचा अवस्था-अहवाल लिहा. समोरून एक फोटो, पाठीमागून एक, चारही कोपऱ्यांचे चार, आणि एक फोटो बाजूने तिरपा टॉर्च मारून, म्हणजे उचललेला रंग आणि सुरकुत्या दिसतात. प्रत्येक दोषाची जागा डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजून सेंटिमीटरमध्ये लिहायची. ‘थोडं खराब झालंय’ असं लिहिलेला अहवाल विमा कंपनी परत पाठवते. ‘डावीकडून १२, खालून ३१ सेंमी, २ सेंमी लांबीचा आडवा ओरखडा, रंग गेलेला, कॅनव्हास शाबूत’ असं हवं. असे दहा अहवाल फाइलला लावून गॅलरीत गेलात तर सीव्हीत काय आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

आणखी चार गोष्टी पाठ असाव्यात. कागदावरच्या कामांवर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलरंगाला २०० पर्यंत. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के धरतात, पण नेमकी संख्या गाठण्यापेक्षा ती एकसारखी राहणं महत्त्वाचं. दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार चित्राला एसी नसण्यापेक्षा वाईट. बबल रॅप रंगाच्या पृष्ठभागाला थेट लावायचा नाही, बडोद्याच्या मे महिन्यात टेम्पोत त्या बुडबुड्यांचे गोल छाप रंगावर उमटतात. मध्ये ग्लासीन हा गुळगुळीत पातळ कागद हवा. बाहेरगावाहून आलेली पेटी लगेच उघडायची नाही, २४ तास खोलीत तशीच ठेवायची.

कायद्यातलं एकच, पण पक्कं: १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष, हस्तलिखिताला ७५ वर्षं. त्यांच्या नोंदणीचे आणि देशाबाहेर नेण्याचे नियम वेगळे. राजा रविवर्म्याची चित्रं वय काहीही असलं तरी कलानिधी म्हणून देशाबाहेर विकता येत नाहीत, आणि बडोद्यात ती चित्रं असल्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

विंगेतून

लाइटच्या कामाला जाणाऱ्या मुलाबद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणून लिहिते. मंडप, लाइट, रंगमंच बांधणी या कामांत वस्त्यांमधली मुलं वर्षानुवर्षं आहेत. ऑफिसात बसून त्याच कार्यक्रमाचं नियोजन करणाऱ्यांत ती दिसत नाहीत. मधली पायरी कागदाची आहे, फार उंच नाही.

त्याने एका कार्यक्रमाचं हे चार पानांचं बाड तयार करायला शिकावं: वीजभाराचा तक्ता, सामानाची यादी, वेळापत्रक, खर्चपत्रक. वीजभाराचं उदाहरण देते. १ किलोवॅटचे २० पार (रंगमंचावरचे दिवे) म्हणजे २० किलोवॅट. सिंगल फेजवर ते ८७ अँपिअर होतात, म्हणजे घरगुती जोडणीवर विचारच नको. तीन फेजवर सारखे वाटले तर फेजमागे साधारण २९. ध्वनीची लाइन लाइटच्या डिमरपासून (उजेड कमीजास्त करणारं यंत्र) वेगळी, नाहीतर घूं असा आवाज येत राहतो. हे तो आत्ताही जाणत असणार, पण तोंडी. संस्थेला ते कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी ईमेलमध्ये हवं असतं. एवढ्याच फरकावर लाइटमनचा प्रॉडक्शन मॅनेजर होतो.

वेळापत्रक उलटं लिहायचं. पडदा ८ला उघडायचा, प्रेक्षक ७.३०ला आत, ७ला रंगमंच मोकळा, ५ ते ७ तालीम, १ ते ५ नेपथ्य आणि लाइट, मग ट्रक १२.३०ला दारात हवा. अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह असो, जुबिली बागेजवळचं गांधी नगरगृह असो, बुकिंग सत्रांवर असतं. सकाळचं सत्र दुसऱ्याने घेतलेलं असलं तर नेपथ्याचे ते चार तास मिळतच नाहीत. हे बुकिंगच्या दिवशी विचारायचं असतं, प्रयोगाच्या दिवशी नाही.

आपल्याकडे मराठी मंडळं मुंबई-पुण्याची नाटकं कॉन्ट्रॅक्टवर आणतात. तिकीटखिडकीचा हिशेब शिकायला याहून चांगली जागा नाही. आसनांचा नकाशा, किती विकली, किती पासावर, किती सभासदांची. रात्री प्रयोग संपायच्या आत कलेक्शनचा कागद तयार आणि त्यावर दोन सह्या. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाला जीएसटी नाही, ५०० ओलांडलं की १८ टक्के. ‘५५० ठेवू, थोडे जास्त मिळतील’ म्हणणाऱ्या मंडळाला कागदावर दाखवून द्या: ५५०त कर धरलेला असेल तर हातात ४६६ उरतात. फुकटच्या पासांचा आकडा आधी ठरवून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी तो फुगतो.

आता बिनपगारी इंटर्नशिप. सरसकट नाही म्हणू नका, पण हिशेब मांडून जा. रोजचे ६० येण्याजाण्याचे, ५० चहा-नाश्त्याचे, २५ दिवस. महिन्याला २७५० स्वतःच्या खिशातून, शिवाय बुडालेली मजुरी वेगळी. म्हणून मागणी अशी करायची: पूर्ण वेळ बिनपगारी नाही, आठवड्याला दोन ठरलेले दिवस, प्रवासखर्च संस्थेने द्यायचा, मुदत तीन महिने, आणि काम पत्रात लिहिलेलं. ‘सगळ्यात मदत’ असं लिहिलेलं पत्र घेऊ नका. तीन महिने खुर्च्या लावण्यात जातात. पत्रात एक तयार वस्तू असावी: २०० फोटोंची सूची, एका महोत्सवाचं खर्चपत्रक, जुन्या कार्यक्रमपत्रिकांची यादी. ती वस्तू पुढे दाखवता येते. संस्थेने प्रवासखर्चालाही नकार दिला तर त्या जागी मन रमवू नये.

मुलींसाठी एक सांगते. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. १० किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. आपल्या बहुतेक कला-संस्थांत पाच-सात जणच असतात, तिथे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि इंटर्नलाही ती करता येते. रात्री घरी सोडण्याची सोय कुणाकडे, हे पहिल्याच दिवशी विचारावं. विचारलं म्हणून कुणी नाराज झालं तर ते लवकर कळलेलं बरं.

वाडीची_अभ्यासिका

मनापासून आभार. बाडाचं आणि अवस्था-अहवालाचं आम्ही याच रविवारी बसून करणार.

आता जातीच्या दाखल्याचं विचारतो. बी.कॉम.वाल्या मुलीचं कुटुंब बौद्ध, आजोबा जळगावकडून आले, साल नक्की माहीत नाही. तिच्या वडिलांचा दाखला महाराष्ट्राचा आहे. म्युझिऑलॉजीला अर्ज करायचा झाला तर तो चालेल का? आणि परदेशी शिष्यवृत्ती वगैरे कुणी म्हणालं, ते खरंच शक्य आहे का?

मामलतदार_कचेरी

साल शोधा. सगळं त्यावर आहे.

अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी कुटुंबाचं कायम राहणं कुठे होतं, ते तुमचं मूळ राज्य. त्यानंतर दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुटुंबाला नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या दशकात हे पक्कं केलंय. बडोद्याची गंमत अशी की तेव्हा बडोदा आणि जळगाव दोन्ही मुंबई राज्यातच होते, १ मे १९६० नंतर वेगळे झाले. त्यामुळे ‘तेव्हा सगळं एकच राज्य होतं’ असा युक्तिवाद लोक करतात. काउंटरवर तो ऐकून घेतात, पण पुरावा ठिकाणाचाच मागतात.

आजोबा १९५०च्या आधी बडोद्यात होते असं निघालं तर पुरावा गोळा करा: शाळा सोडल्याचा दाखला, जुनी मतदारयादी, संस्थानच्या किंवा गिरणीच्या नोकरीचा कागद, घराची पावती. मग गुजरातचा दाखला मिळतो आणि राज्य विद्यापीठातल्या राखीव जागेला चालतो. नंतर आले असतील, तर वडिलांच्या महाराष्ट्राच्या दाखल्यावरून इथली कचेरी स्थलांतरितांच्या नमुन्यात दाखला देते. तो केंद्राच्या नोकऱ्या आणि योजनांना चालतो, एम. एस.च्या राज्य कोट्याला नाही. जागा खुल्या वर्गातून घ्यावी लागेल. हे प्रवेशाच्या रांगेत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. बौद्ध असण्याने अडत नाही, १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा बौद्धांनाही आहे.

नावाचं स्पेलिंग जुळवा. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रकावर दुसरं, वडिलांच्या दाखल्यावर मराठीतलं तिसरं, आणि इथला कारकून गुजरातीत लिहिताना चौथं करतो. दहावीचं प्रमाण मानून बाकीचे त्याला जुळवून घ्या. अर्जाच्या दोन महिने आधी, आठ दिवस आधी नव्हे.

गुजरातचा दाखला निघाला तर: डिजिटल गुजरात पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. त्याच मर्यादेत फ्रीशिप कार्ड काढलं की फी आधी भरावी लागत नाही. कार्ड प्रवेशाच्या आधी काढायचं. फी भरून बसल्यावर ती परत मिळवणं हा वेगळाच उद्योग होतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा, जुना जोडला की अर्ज परत येतो.

परदेशाचं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. वय ३५च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, आधीच्या पात्रतेच्या पदवीत किमान ६० टक्के, आणि परदेशी विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या ५००त. आता खोच: २०२२च्या नियमांपासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळलेत. म्हणजे ‘पश्चिम भारतातली भित्तिचित्रं’ असा विषय घेऊन गेलात तर अर्ज बाद. कला-व्यवस्थापन किंवा संग्रहालय-अभ्यास असा सर्वसाधारण अभ्यासक्रम निवडावा, आणि उद्देशपत्रात प्रबंधाचा विषय भारतीय वारशाचा आहे असं उत्साहाने लिहू नये. (हा नियम मला चुकीचाच वाटतो, पण अर्ज भरताना माझ्या वाटण्याला किंमत नाही.) स्थलांतराचा प्रश्न इथे येत नाही, योजना केंद्राची आहे. १९१३ साली याच शहराच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले, हे मुलांना माहीत असेलच.

ब्रिटनची चेव्हनिंग वेगळी: जात, उत्पन्न, वय काही नाही, पण पदवीसोबत २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अर्धवेळ, बिनपगारी, स्वयंसेवकाचं काम, सगळं धरतात. म्हणून प्रत्येक जागेचे तास एका वहीत लिहा आणि महिन्याच्या शेवटी तिथल्या माणसाची सही घ्या. आठवड्याला २० तास धरले तर २८०० व्हायला १४० आठवडे लागतात, पावणेतीन वर्षं.

देशातलं एक, जे लोक हमखास चुकीचं वाचतात. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती, १८ ते २५ वयासाठी, महिना ५ हजार, दोन वर्षं. ती गुरूकडे शिकणाऱ्या कलाकारांसाठी आहे, तुमच्या तिघांना उपयोगाची नाही. त्याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप मात्र बघा: २५ ते ४० वय, पदवीधर, महिना १० हजार, दोन वर्षं, सहामाही हप्त्यांनी. तिच्या विषयांच्या यादीत ‘कला आणि वारशाचं व्यवस्थापन’ असा स्वतंत्र विषय आहे. चित्रकला, संगीत या विषयांत गर्दी असते, इथे कमी लोक बघतात. पण ती संशोधनाची आहे. ‘मला कला-व्यवस्थापन शिकायचंय’ असा अर्ज बसत नाही. ‘बडोद्यातल्या मराठी नाट्यमंडळांची आर्थिक घडी’ असा बसेल.

रॅम्प_एकास_बारा

व्हीलचेअरवाल्या मुलीला लोक दोन गोष्टी सांगतील: ‘घरून करता येईल असं काहीतरी कर’ आणि ‘तू प्रेरणा आहेस’. दोन्ही कानाआड करावं.

तिचा मुद्दा भाषेचा आहे आणि तो मोठा आहे. बडोद्यातल्या प्रदर्शनांत भिंतीवरचा मजकूर इंग्रजीत लिहिला जातो, मग घाईने गुजराती होतो, आणि त्या गुजरातीत शाळेची मुलं अडखळतात. मूळ मजकूरच गुजराती-मराठीत लिहिणारं माणूस दुर्मीळ आहे. तिने नमुना करावा: कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांपैकी एकावर ६० शब्द, आठवीच्या मुलाला समजेल असे, दोन्ही भाषांत. साठ म्हणजे साठ. उभ्याने वाचणारा माणूस त्यापुढे वाचत नाही. असे पाच नमुने म्हणजे तिचा पोर्टफोलिओ.

इंग्रजी कच्चं असण्याबद्दल विचारलंत. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अनुदानाचा प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येतो, मराठीतही. मोडक्या इंग्रजीपेक्षा नेमक्या मराठीतला प्रस्ताव बरा. नोकरीच्या ईमेलसाठी मात्र इंग्रजी लागतं. पाच-सहा साचे पाठ केले की सहा महिने निभतं.

दुसरा रस्ता सुगम्यतेच्या कामाचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड नसेल तर आधी ते काढा. आणि सभागृहं, गॅलऱ्यांना सुगम्यतेची पाहणी करून देणारी माणसं कमी आहेत. उतार एकास बारा: १५ सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी चढ, त्याला ५ मीटर ४० सेंमी लांब रॅम्प. आपल्याकडे तेवढ्या चढाला दोन मीटरची फळी टाकतात आणि वर ‘रॅम्प आहे’ असं लिहितात. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी. काचेच्या पेटीवरचा मजकूर सपाट लावला तर बसलेल्या माणसाला फक्त काचेवरची चकाकी दिसते, तो तिरका हवा. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडतं का, त्याची किल्ली कुणाकडे असते. टेप घेऊन एका सभागृहाची दोन पानी पाहणी करायची, फोटोसकट, प्रत्येक दोषापुढे अंदाजे दुरुस्ती लिहायची. तक्रारपत्रासारखी भाषा नको. कामाच्या यादीसारखी हवी, म्हणजे इंजिनिअर ती उचलतो. ही पाहणी फुकट एकदाच द्यावी, दुसऱ्यापासून फी.

वाडीची_अभ्यासिका

फी म्हणालात म्हणून शेवटचं विचारतो. यांना संस्थांकडून ‘मानधन’ मिळालं तर कागदावर काय असावं? एका ठिकाणी पाकिटात रोख देतो म्हणालेत.

व्हाउचर_फाइल

पाकीट नको. त्याने ना अनुभव सिद्ध होतो ना उत्पन्न.

कामाआधी एक पानाचं पत्र: काम काय, कधीपर्यंत, रक्कम किती, किती हप्ते, प्रवासखर्च आत की वेगळा. काम झाल्यावर स्वतःचं बिल द्यायचं: क्रमांक, तारीख, संस्थेचं पूर्ण नाव, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन, बँक खातं. छापील बिलबुक लागत नाही, कोऱ्या कागदावर चालतं. जीएसटी क्रमांक नाही म्हणून घाबरू नका, सेवेला तो वर्षाच्या २० लाख उलाढालीनंतर लागतो.

व्यावसायिक फी एका संस्थेकडून वर्षात ५० हजारांवर गेली की संस्था १० टक्के टीडीएस कापते. पॅन दिला नसेल तर २०. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात, पण त्याआधी आयकर पोर्टलवर कपात आपल्या नावावर दिसते का ते बघायचं. छोट्या संस्था कापतात आणि भरायचं विसरतात. दर तीन महिन्यांनी एकदा लॉगिन करून पाहिलं की वेळेत मागे लागता येतं. बी.कॉम.वाली मुलगी हे तिघांचंही बघू शकेल, तिला पहिल्याच महिन्यात बसवा या कामाला.